कूलंट सेन्सर नवा टाकला तरी पी०११८ कोड परत येतो, आता काय बदलू?

अजून काही बदलू नका. पी०११८ म्हणजे इंजिनच्या कूलंटचं (थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं सर्किट बहुतेक कुठेतरी तुटलंय. स्कॅनरवर (गाडीचे कोड वाचायच्या यंत्रावर) तापमान उणे ४० दिसतंय का बघा, सर्किट तुटलं की तोच आकडा येतो. मे महिन्यात जळगावात उणे ४०, म्हणजे वायरच बोलतेय!

दोन पिनांचा सेन्सर असेल तर सॉकेट काढा, चावी ऑन करा, मल्टिमीटर लावा. दोन्ही पिनांमध्ये साधारण ५ व्होल्ट हवेत. सिग्नल पिन (गाडीच्या कॉम्प्युटरकडून ५ व्होल्ट येतात ती) ते इंजिन बॉडी ५ येतात, पण दोन पिनांमध्ये काहीच नाही, तर ग्राउंडची वायर गेली. दोन्हीकडे ५ नीट आले तर सॉकेटच्या पिना ढिल्या किंवा हिरव्या पडल्यात का पाहा. मग स्कॅनर चालू ठेवून हार्नेस (वायरांचा जुडगा) वीतवीतभर हलवत जा, आकडा उडी मारेल तिथे तूट.

माझ्या गाडीत उंदरांनी बॅटरीखालची वायर कुरतडली होती. वरून आवरण शाबूत, आत तांबं काळं. (गाडी कपाशीच्या गंजीशेजारी लावायचो, चूक माझीच.) तेवढा तुकडा कापून त्याच जाडीची वायर सोल्डर करा, वर हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी). नुसती टेप नको, आपल्याकडच्या उन्हात तिचा डिंक पाघळतो.