त्रिनिदादला निघण्याआधी

अनेक आशीर्वाद.

कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटाच्या संगीतावरच्या प्रबंधाचा तुझा आराखडा वाचला. मेहनत दिसते, पण त्यातला तो चार रकान्यांचा तक्ता आधी काढून टाक. आफ्रिकी वंशाच्या लोकांचा कॅलिप्सो, भारतीयांची चटणी, स्पॅनिश वारशाचा परांग आणि शेवटी ‘मिश्र’ म्हणून सोका, ही गाण्याच्या प्रकारांची वाटणी कागदावर शोभून दिसते. तिथे ती पहिल्या आठवड्यातच मोडेल. २०११च्या जनगणनेत तिथे भारतीय वंशाचे सुमारे ३५ टक्के, आफ्रिकी वंशाचे ३४ टक्के आणि मिश्र वंशाचे जवळपास २३ टक्के लोक होते. इतकी माणसंच एका रकान्यात मावत नाहीत, तर गाणी कुठून मावणार?

माझं ऐकशील तर वंशाच्या मागे न जाता वाद्याच्या मागे जा. ते कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेलं, कुणी त्यावर बंदी घातली, कुणी नाक मुरडलं, हे विचारत राहा.

सुरुवात स्टीलपॅनपासून, म्हणजे तेलाच्या पिंपापासून घडवलेल्या वाद्यापासून कर. १८८१मध्ये पोर्ट ऑफ स्पेन या राजधानीत कार्निव्हलच्या मशाल-मिरवणुकीवरून लोक आणि पोलीस यांच्यात मोठी चकमक झाली. त्यानंतरच्या काही वर्षांत ब्रिटिश सरकारने ढोल वाजवण्यावर निर्बंध आणले. मग लोकांनी कमी-जास्त लांबीचे बांबू कापले आणि ते जमिनीवर आपटून ताल धरला. हा टंबू बांबू. १९३०च्या दशकात बांबूच्या जोडीला बिस्किटांचे डबे, मोटारीचे ब्रेक ड्रम असं जे हाताला लागेल ते आलं आणि पुढे तेलाचं पिंप आलं. पिंपाचा तळ हातोडीने ठोकून खोलगट करायचा, त्यावर स्वरांच्या जागा आखायच्या, आगीवर तापवायचा आणि मग एकेक स्वर ठोकून जुळवायचा. हे काम करणारा माणूस भेटला तर त्याच्याजवळ बसून राहा. मुलाखत नंतर घे. पॅनच्या नावांनी गोंधळशील, कारण तिथे टेनर पॅन हा सर्वांत उंच स्वरांचा असतो. बेस वाजवणाऱ्याभोवती मात्र सहा किंवा त्याहून जास्त अख्खी पिंपं उभी असतात.

सुरुवातीच्या काळात पॅन वाजवणारा पोरगा म्हणजे गुंड, असं सभ्य घरांत मानलं जाई. बँडांच्या आपसात हाणामाऱ्या होत, हेही खरं. १९५१मध्ये निवडक वादकांचा संघ लंडनला फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनमध्ये वाजवून आला, १९६३पासून पॅनोरामा ही स्पर्धा सुरू झाली, आणि आज तेच राष्ट्रीय वाद्य आहे. स्पर्धेची अंतिम फेरी बघच, पण खरं शिक्षण पॅनयार्डात, म्हणजे बँडच्या तालमीच्या आवारात. तिथे रात्री शंभरच्या आसपास माणसं एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत असतात. बहुतेकांसमोर लिहिलेले स्वर नसतात, अरेंजर, म्हणजे बँडसाठी गाण्याची मांडणी करणारा, ओळ-ओळ सांगतो आणि हात लक्षात ठेवतात. ब्रेक ड्रम, काँगा वगैरे तालवाद्यांच्या ताफ्याला ‘इंजिन रूम’ म्हणतात. तू त्याच्या जवळ उभी राहा. कान बधिर होतील, पण सगळा बँड कशावर चालतो ते तिथेच कळतं.

आता तुझ्या तक्त्याकडे परत येतो. शार्लट स्ट्रीटवरच्या रेनिगेड्स या बँडने जित समारू यांच्या मांडणीवर पॅनोरामा नऊ वेळा जिंकला. समारू भारतीय वंशाचे. त्यांनी मांडलेल्या कितीतरी रचना लॉर्ड किचनर या कॅलिप्सो गायकाच्या गाण्यांच्या होत्या. हे कुठल्या रकान्यात लिहिणार होतीस?

भारतीय बाजूबद्दल तुला सावध करायला हवं, कारण तिथे तुला फार आपलेपणा वाटेल. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज पहिले करारबद्ध मजूर घेऊन तिथे पोचलं, आणि ही भरती १९१७पर्यंत चालली. बहुतेक मजूर भोजपुरी-अवधी मुलखातले होते. लग्नाच्या आधी बायकांच्या माटीकोरच्या रात्री होत. फक्त बायकाच, चावट गाणी आणि तसाच नाच. चटणीची मुळं बरीचशी तिथे आहेत. १९७०च्या सुमारास सुंदर पोपो या गायकाने नाना-नानीवरचं गाणं हिंदी-इंग्रजी मिसळून गायलं आणि ते बेटभर वाजलं. सोबतीला ढोलक, हार्मोनियम आणि धनताल, म्हणजे पोलादाची लांब सळई आणि ती वाजवायला नालाच्या आकाराचा तुकडा. तू मुलगी आहेस, त्यामुळे माटीकोरचं बोलावणं येऊ शकेल. आलं तर रेकॉर्डर घरी ठेवून जा.

हे सगळं ऐकून ‘आपली संस्कृती त्यांनी किती जपली’ असं तुझ्या तोंडून निघेल. ते वाक्य गिळून टाक. त्यांनी ती बदलली, वाढवली, तिच्यावरून भांडणंही केली. आज तिथल्या बहुतेकांना हिंदी बोलता येत नाही. गाण्यात शब्दांचे उच्चार तुला वेगळे वाटतील, पण दुरुस्त करायला जाऊ नकोस.

आणि सगळं गुण्यागोविंदाने मिसळलं, असंही लिहू नकोस. लॉर्ड शॉर्टी या कॅलिप्सो गायकाने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिप्सोत ढोलक आणि धनताल आणले तेव्हा विरोध झाला. त्यांच्याच प्रयोगांतून सोका उभा राहिला. १९८०च्या दशकात द्रुपती रामगुनाई ही भारतीय वंशाची बाई सोकाच्या ठेक्यावर चटणी गाऊ लागली, तेव्हा सनातनी मंडळींनी काहूर उठवलं. दोघांवर टीका करणारे लोक काय म्हणत होते, तेही समजून घे. दर वेळी तो निव्वळ कोतेपणा नव्हता. आपलं वाद्य दुसऱ्याच्या हातात गेलं की आपलं काय उरणार, ही भीती होती.

परांगबद्दल थोडक्यात. समोर व्हेनेझुएला आहे, त्यामुळे क्वात्रो ही चार तारांची छोटी गिटार, मराका हे खुळखुळे आणि स्पॅनिश नाताळगीतं. लोपिनो किंवा परामिन या गावी जा. गाणाऱ्यांतल्या अनेकांची रोजची भाषा स्पॅनिश नाही, हे ध्यानात ठेव. कॅलिप्सोच्या तंबूत, म्हणजे कार्यक्रमाच्या जागी, एक्स्टेम्पोची जुगलबंदी ऐकशील. दोन गायक समोरासमोर, दिलेल्या विषयावर तिथल्या तिथे रचून एकमेकांची सालटी काढतात. तुला सवाल-जवाब आठवतील. आठवू देत, प्रबंधात नकोत.

डिसेंबरच्या सुरुवातीला पोच. परांग ६ जानेवारीपर्यंत सापडतो, मग पॅनयार्डं जागी होतात आणि कार्निव्हल ॲश वेन्सडेच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाच्या, आधीच्या सोमवारी-मंगळवारी. त्या तारखा ईस्टरप्रमाणे दर वर्षी सरकतात, तिकीट काढण्याआधी बघून घे. होसे, म्हणजे तिथला मोहरम, चांद्र पंचांगाने येतो, तुझ्या मुक्कामात बसेलच असं नाही.

ताशाचं शेवटी ठेवलं, कारण तू पथकात वाजवतेस आणि तुझा जीव तिथेच अडकणार. १८८४मध्ये सान फर्नांदोजवळ होसेच्या मिरवणुकीवर गोळीबार होऊन अनेक माणसं मेली. तोच ताशा आज होसेत वाजतो, हिंदूंच्या लग्नात वाजतो आणि कार्निव्हलमध्येही. दोन ताशे असतात. एक ठेका धरून ठेवतो, दुसरा, ज्याला कटर म्हणतात, तो त्यावर खेळतो. खाली मोठा ढोल आणि झांज. प्रत्येक रचनेला ‘हँड’ म्हणतात, आणि त्यांत कॅलिप्सोच्या चालीचाही हँड आहे. तुझा ताशा इथून नेऊ नकोस, आणि पथकातले हात तिथे दाखवूही नकोस. कुणाच्या तरी गटात शिकायला बस. पहिले काही आठवडे बहुधा झांजच देतील. घे.