दूध संकलन केंद्रावरचं काम रेझ्युमेत सगळ्यात वर लिही

प्रश्न : मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. कॉलेज सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. दहावीपर्यंत मराठी माध्यम. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत स्वयंसेवी संशोधन सहाय्यक म्हणून काम करायची इच्छा आहे. तिथल्या एक शास्त्रज्ञ मॅडम सड्यांवरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारांवरच्या, वनस्पतींवर काम करतात. त्यांना रेझ्युमे पाठवायचा आहे, पण मला अनुभव काहीच नाही. मावसभावाने करून दिलेला दोन पानी बायोडेटा सोबत जोडला आहे. अकरावीपासून रोज सकाळी गावातल्या दूध संकलन केंद्रावर काम करते, त्यामुळे टक्के थोडे कमी आहेत. वडील म्हणतात, फुकट राबायला पुण्याला कशाला जायचं? काय करू?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझं पत्र आणि बायोडेटा, दोन्ही नीट वाचले. ‘अनुभव काहीच नाही’ असं तू लिहितेस आणि दोनच वाक्यांनंतर, टक्के कमी पडण्याचं कारण म्हणून, संकलन केंद्राचं नाव घेतेस. बायोडेटात तर त्याचा कुठेच पत्ता नाही. माझ्या मते तुझ्याकडची सगळ्यात भक्कम गोष्ट तीच आहे.

केंद्रावर तू रोज काय करतेस ते बघ. प्रत्येक उत्पादकाच्या दुधाचा नमुना नीट ढवळून घ्यायचा, ॲनालायझरला लावायचा, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन घटक) वाचायचं, लिटर आणि आकडे त्याच्या खात्यावर चढवायचे. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून ठरतो. त्यात पॉइंटाचा फरक पडला तरी दर हलतो, आणि ज्याचा दर हलतो तो माणूस समोरच उभा असतो. नमुना नीट ढवळला नाही तर फॅट चुकतं, यंत्र वेळेवर धुतलं नाही तर पुढची वाचनं बिघडतात, हे तुला कुणी शिकवायची गरज उरलेली नाही. नमुना घेणं, मोजणं, यंत्राची निगा, आकडा तिथल्या तिथे लिहिणं, आणि उद्या कुणी विचारलं तर दाखवता येईल अशी वही ठेवणं : नव्या स्वयंसेवकाकडून प्रयोगशाळेला सुरुवातीला हेच हवं असतं. वनस्पतींची नावं पुढे शिकवता येतात. न मोजलेला आकडा अंदाजाने भरून टाकणारा मुलगा किंवा मुलगी मात्र कुणालाच परवडत नाही, कारण तसा एक आकडा सापडला की त्या व्यक्तीने भरलेल्या सगळ्या नोंदी पुन्हा तपासाव्या लागतात.

तेव्हा रेझ्युमेत शिक्षणाच्या लगेच खाली ‘अनुभव’ असं शीर्षक दे आणि पहिली नोंद केंद्राची कर. केंद्राचं नाव, गाव, कधीपासून. मग दोनच ओळी : रोज सकाळी इतक्या उत्पादकांच्या नमुन्यांचं मापन, नोंदवहीत आणि संगणकात नोंद, यंत्राची सफाई आणि तपासणी. ‘इतक्या’च्या जागी खरा आकडा घाल, वही तुझ्याच हातात असते. लाजू नकोस. कमावत शिकतेस हे कुठे लपवायचं नसतं, आणि टक्क्यांबद्दल वेगळी सफाई द्यायची गरजही मग राहत नाही. वाचणाऱ्याला आपोआप कळतं.

आता बायोडेटातून काय काढायचं ते. फोटो, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय, उंची हे सगळं जाऊ दे. शेवटचं ‘वरील सर्व माहिती सत्य आहे’ हे प्रतिज्ञापत्र, स्थळ, दिनांक आणि सही, तेही. सुरुवातीचं ‘नामांकित संस्थेत काम करून स्वतःचा विकास साधणे’ हे उद्दिष्ट तर आधी काढ. ते वाक्य बँकेच्या अर्जातही चाललं असतं. छंदांत ‘वाचन, संगीत’ नको. एवढं गेलं की दोन पानांचं एक पान होतं, आणि एकच पान पुरे.

सगळ्यात जास्त वेळ ‘कौशल्ये’ या भागावर दे. तिथे तू पीसीआर आणि जेल इलेक्ट्रोफोरेसिस ही डीएनएवर काम करायची तंत्रं लिहिली आहेस. बायोडेटातच ‘तक्ते व व्हिडिओद्वारे अभ्यास’ असंही आहे, म्हणजे यंत्राला हात लागलेला नाही. दोन्ही काढ. मॅडमनी ‘बफर कुठला वापरलास?’ एवढंच विचारलं तरी उत्तर देता येणार नाही, आणि मग पानावरच्या खऱ्या गोष्टींवरही शंका येईल. प्रॅक्टिकलचं जर्नल उघडून बस आणि प्रत्येक प्रयोगापुढे खूण कर : स्वतः केला, गटात केला, नुसता पाहिला. पाहिलेले सोडून दे. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड स्वतः करून पेशीविभाजनाच्या अवस्था ओळखल्या असतील तर तसं लिही. क्वाड्रॅट, म्हणजे जमिनीवर मोजणीची चौकट, टाकून झाडं मोजली असतील तर चौकट किती मीटरची, किती ठिकाणी टाकली, कुठे, हे लिही.

हर्बेरियमचं, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचं, तू फक्त ‘हर्बेरियम केले’ एवढंच लिहिलंयस. इतकं तर वर्गातली सगळीच मुलं लिहितील. किती नमुने, कुठल्या परिसरातले, ओळख कोणत्या फ्लोरावरून (त्या भागातल्या वनस्पतींच्या वर्णनाच्या ग्रंथावरून) पटवली, हे सांग. लेबलवर दिनांक, ठिकाण, अधिवास आणि फुलाचा रंग जागेवरच लिहिला होतास का? फूल वाळलं की रंग उडतो आणि मग नोंदीशिवाय तो कळायला मार्ग नसतो. तसा लिहिला असशील तर ‘नोंदी क्षेत्रावरच केल्या’ हे तीन शब्द जरूर घाल. वनस्पतिशास्त्रज्ञाची नजर तिथे थांबते.

एमएस-सीआयटी झाल्याचं लिहिलंयस, ठीक. पण प्रमाणपत्राच्या नावापेक्षा एक्सेलमध्ये काय येतं ते सांग : माहिती भरणं, क्रमवारी लावणं, सरासरी काढणं, आलेख. भाषांमध्ये मराठी सगळ्यात वर असू दे. सड्यावर काम करताना गुराख्यांशी, शेतकऱ्यांशी, वनरक्षकांशी बोलावं लागतं आणि ते तुला सहज जमतं. इंग्रजीपुढे ‘वाचते, लिहिते, बोलण्याचा सराव चालू’ असं खरं ते लिही. रेझ्युमे मात्र इंग्रजीतच हवा. छोटी, साधी वाक्यं लिही आणि ती स्वतः लिही.

आता वेळेची गोष्ट. तिच्याकडे तुझं लक्ष गेलेलं दिसत नाही. सड्यावरची फुलं पावसाळ्यातली. पश्चिम घाटातली जी ठिकाणं 2012 साली जागतिक वारसा यादीत आली त्यांत साताऱ्याजवळचं कास पठार आहे, आणि तिथला बहर ऑगस्ट-सप्टेंबरच्या आसपासचा. मे महिन्यात सडा म्हणजे वाळलेलं गवत आणि तापलेला जांभा. म्हणून सुट्टीत गेलीस तर काम बहुतेक चार भिंतींच्या आत मिळेल : बिया साफ करणं, मोजणं, नमुने चिकटवणं, लेबलं तपासणं, गेल्या पावसाळ्यातले कागद संगणकात चढवणं, पानांच्या स्कॅनवरून इमेजजेसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये क्षेत्रफळ काढणं. कंटाळवाणं वाटेल, पण तुला ते चांगलं जमेल असं केंद्रावरचं काम पाहून मी खात्रीने म्हणते. आणि तू राहतेस सातारा जिल्ह्यात! पुण्याच्या मुलांना जिथे प्रवास करून यावं लागतं ते सडे तुला जवळचे आहेत. रेझ्युमेच्या शेवटी ‘उपलब्धता’ असं शीर्षक देऊन लिही : सुट्टीत पुण्यात पूर्णवेळ, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत, पावसाळ्यात शनिवार-रविवार सातारा परिसरात क्षेत्रकामासाठी. विद्यापीठाच्या परीक्षांचं वेळापत्रक लागल्याशिवाय तारखा पक्क्या करू नकोस, आणि त्या दिवसांत केंद्रावर तुझ्या जागी कोण, हेही आधी ठरव. शब्द दिल्यावर मागे येणं वाईट.

सर्वांत खाली, तुझं प्रत्यक्ष काम पाहिलेल्या एका प्राध्यापकांचं नाव आणि ईमेल दे. त्यांना विचारून. न विचारता नाव दिलं आणि अचानक चौकशी आली तर तेही गोंधळतात.

रेझ्युमेबरोबरचा ईमेल सात-आठ ओळींचा पुरे. मॅडमचा एखादा शोधनिबंध आधी वाच. अर्धा कळला नाही तरी चालेल. त्यातली कुठली गोष्ट तुला लक्षात राहिली, कुठे प्रश्न पडला, ते दोन वाक्यांत लिही. ‘शिकण्याची संधी द्यावी’ असं सगळेच लिहितात. तू कोणत्या कामाला हात लावू शकतेस ते लिही. एकच मजकूर वीस जणांना पाठवायचा मोह टाळ, तो लगेच ओळखू येतो. फाइल पीडीएफमध्ये, तिला स्वतःचं नाव दिलेलं. मोबाइलवर काढलेला कागदाचा फोटो पाठवू नकोस.

वडिलांचा प्रश्न मला रास्त वाटतो, त्यांना उडवून लावू नकोस. बिनपगारी काम मुदतीचं असावं, सहा ते आठ आठवडे, आणि पुण्यात राहण्या-खाण्याचा खर्च घरात बसून आधी मांडावा. नातेवाइकांकडे सोय होत नसेल तर उन्हाळ्यात जायचा हट्ट सोड आणि मॅडमना फक्त पावसाळ्यातल्या क्षेत्रकामाबद्दल विचार; घरून जाऊन-येऊन होण्यासारखं आहे ते. जायचं ठरलं तर कामाचे तास, प्रमाणपत्र मिळेल का, आणि कॉलेजचं ना-हरकत पत्र लागेल का, हे ईमेलवर विचारून घे. काही संस्था प्रशिक्षणासाठी रीतसर शुल्क घेतात. ते त्यांच्या संकेतस्थळावर जाहीर असतं आणि पावती मिळते. मधल्या कुणी ‘संशोधन इंटर्नशिप मिळवून देतो’ म्हणून पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नकोस. वडिलांना हेही सांग की देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात आणि तिच्यात दोन महिन्यांचं विद्यावेतन असतं. अर्ज आधीच्या हिवाळ्यातच मागवतात. या वर्षी हाती काही काम आणि एका शास्त्रज्ञांचं शिफारसपत्र असेल तर पुढच्या अर्जाला वजन येईल.

ईमेल सुट्टीच्या दोन-अडीच महिने आधी जाऊ दे. दोन आठवडे उत्तर आलं नाही तर त्याच ईमेलला जोडून एकदा नम्रपणे आठवण कर. त्यानंतरही शांतता असेल तर दुसऱ्या शास्त्रज्ञांचा निबंध वाचायला घे आणि त्यांना नव्याने लिही. नवा मसुदा आधी वनस्पतिशास्त्राच्या तुझ्या सरांना किंवा मॅडमना दाखव, मग मला पाठव.