शिबिराच्या प्रमाणपत्राचे मार्क मिळतात का?

प्रश्न : वरूड तालुक्यात आमचं संत्र्याचं वावर आहे. मुलगी अकरावी सायन्सला आहे, दहावीला ८१ टक्के होते. तिला डॉक्टर करायचं हे मी ती आठवीत असतानाच ठरवलं. कॉलेजात रोटरीचा इंटरॅक्ट क्लब आहे, त्यात ती सारखी असते. दिवाळीआधी डोळे तपासणी शिबिरात दिवसभर लोकांची नावं लिहीत बसली. आता रोटरीच्या चार दिवसांच्या 'रायला' नावाच्या शिबिराला जायचा हट्ट करते. त्या प्रमाणपत्राचे नीटला मार्क मिळत असतील तर पाठवतो, नाहीतर तो वेळेचा अपव्यय. – एक पालक

भाऊ, तुम्ही पाठवलेला पत्राचा फोटो मी मोठा करून वाचला. अक्षर मुलीचं आहे. तुम्ही सांगत गेलात, ती लिहीत गेली. जिथं 'हट्ट करते' असं आहे, तिथं आधी 'जाऊ का विचारते' असं लिहिलेलं दिसतं. त्यावर काट मारून वर 'हट्ट करते' केलंय.

म्हणजे पोरीनं विचारलं होतं. हट्ट हा शब्द तुमचा आहे, आणि तो तुम्ही तिच्याच हातानं लिहून घेतलात. ८१ टक्क्यांची मला काळजी वाटत नाही, या खाडाखोडीची वाटते. तिला स्वतःला काय व्हायचंय, याची एक ओळही पत्रात नाही. आठवीतली मुलगी तेरा वर्षांची असते. त्या वयात तिच्यासाठी ठरवलेलं, आज ती समोर बसलेली असताना एकदा तरी विचारून घ्यायला हवं होतं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, मिळत नाहीत. नीट ७२० मार्कांची परीक्षा आहे. त्या गुणांवर रँक लागते, आणि त्या रँकवर आरक्षण व कोट्याच्या नियमांनी जागा भरतात. रोटरीचं, लायन्सचं किंवा आणखी कुठल्या क्लबचं प्रमाणपत्र त्यात कुठंच मोजलं जात नाही. सीईटीतही नाही. एनसीसीचं वेगळं आहे, कारण 'सी' प्रमाणपत्र असलेल्या पदवीधराला लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबी मुलाखत देऊन सैन्यात अधिकारी व्हायची वाट आहे. त्यामुळे 'कोणतंही सर्टिफिकेट असू द्या, पुढे कामी येतं' असं कोणी सांगितलं असेल, तर ते डोक्यातून काढून टाका. कागदासाठी पाठवणार असाल तर पाठवूच नका.

तरीही मी म्हणते, पाठवा. इंटरॅक्ट हा बारा ते अठरा वयाच्या मुलांचा क्लब. वर्षातून किमान दोन उपक्रम त्यांनी स्वतः उभे करायचे असतात, आणि रायला हे रोटरीचंच तरुण मुलांसाठीचं नेतृत्वाचं शिबिर. खेड्यातल्या मुलीला अनोळखी वीस-पंचवीस जणांसमोर उभं राहून आपलं म्हणणं मांडायची संधी घरात, वावरात, क्लासमध्ये कुठं मिळते? वर्गात ८५-९० टक्के घेणाऱ्या मुली मुलाखतीत स्वतःचं नावसुद्धा खाली मान घालून सांगतात. हे मी दरवर्षी पाहते आणि दरवर्षी जीव तुटतो.

त्या डोळे तपासणीच्या दिवसाकडेही जरा पुन्हा बघा. मोतीबिंदू झालेली म्हातारी माणसं दिवसभर तुमच्या मुलीसमोर बसली होती. तिनं नाव विचारलं, वय विचारलं, कुणाला दोनदा मोठ्यानं विचारावं लागलं असेल. डॉक्टर व्हायचंय की नाही, हे ठरवायला याहून चांगली जागा तिला तालुक्यात मिळाली नसती. तिला विचारा, त्या दिवशी काय आवडलं? माणसांशी बोलणं आवडलं, की तपासणीचं यंत्र, की सगळ्यांची रांग लावणं? उत्तर वेगवेगळं असेल तर वाटाही वेगळ्या आहेत. एमबीबीएससाठी नीट, बीएस्सी नर्सिंगसाठी राज्याची सीईटी, आणि डोळ्यांच्याच कामाची ऑप्टोमेट्रीची पदवी.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलते. चार दिवसांनी नीट बुडत नाही, हे तुम्हालाही कळतं. मुलगी चार रात्री बाहेर राहणार, ही खरी काळजी असेल तर तसंच म्हणा. त्यात गैर काही नाही. त्या काळजीला अभ्यासाचं नाव देऊ नका, कारण मुलींना ते लगेच कळतं आणि मग त्या घरी खरं सांगणं बंद करतात. क्लबच्या लोकांना भेटा. मुलींची राहायची सोय कुठं आहे, रात्री सोबत कोणत्या बाई असणार, फोन जवळ ठेवता येईल का, फी कोण भरणार, येण्याजाण्याची गाडी कोणती, हे सगळं तोंडावर विचारा. गोलमोल उत्तरं मिळाली तर पाठवू नका, मीही तुमच्याच बाजूनं असेन.

आणि भाऊ, पुढचं पत्र तिला एकटीला लिहू द्या. तुम्ही सांगू नका, पाठवण्याआधी वाचूही नका. मी तिलाच उत्तर देईन.