'फुई' : होतो की गेलो?

प्रश्न असा आहे : स्पॅनिशमधल्या 'इर' (जाणे) आणि 'सेर' (असणे) या दोन्ही क्रियापदांचा भूतकाळ 'फुई, फुइस्ते, फुए' असा एकच कसा? आणि पुढे 'आ' आला की 'गेलो' समजायचं, हा शिकवणीतला नियम बरोबर आहे का?

नियम चुकीचा आहे. 'फुई आल मेर्कादो' म्हणजे मी बाजारात गेलो, इथवर ठीक. पण 'ला फिएस्ता फुए आ लास ओचो' म्हणजे समारंभ आठ वाजता होता. इथे 'आ' आहे, जाणं नाही.

आणि 'अनियमित आहे, पाठ करा' हे तर आता ऐकवत नाही! 'इर'मध्ये तीन धातू एकत्र नांदतात. वोय, वास, वा (मी जातो, तू जातोस, तो जातो) आणि 'जावं' अर्थाचं वाया ही स्पॅनिशची जननी लॅटिन, तिच्यातल्या 'वादेरे'ची रूपं. इबा (जात होतो), इरे (जाईन) ही मूळ 'ईरे'ची. आपल्या 'उदय'मधला 'इ' धातू तो हाच. मराठी माणसाला याचं नवल वाटू नये. आपलं 'जातो' या-धातूचं, 'गेला' गम्-चं.

खरी मौज तिसऱ्यात, 'फुई'त आहे. लॅटिनमध्ये ते फक्त 'असणे'चं रूप. संस्कृतात शब्दारंभी भ, तिथे लॅटिनमध्ये फ : भ्राता–फ्रातेर, भरति–फेर्त. म्हणजे फुई हा आपला भू! 'होणे' त्याच भू-चं, 'भूतकाळ'मधलं 'भूत'ही त्याचंच.

मग 'असणे'चं रूप 'जाणे'कडे कसं गेलं? काही जण निव्वळ ध्वनिसाम्य म्हणून मोकळे होतात. ते साफ चूक आहे. लॅटिनमध्ये 'मी गेलो' म्हणजे 'ईई'. त्यातून 'फुई' निघणंच शक्य नाही. रूप उसनं घेतलंय, आणि माझ्या मते अर्थाच्या वाटेनं. हिंदीतलं 'दिल्ली हो आया' घ्या. धातू भू-च, अर्थ मात्र जाऊन येण्याचा. एखाद्या ठिकाणी होतो, म्हणजे तिथे गेलो होतो. स्पॅनिश याच वाटेनं गेली असणार. पोर्तुगीजमध्येही 'फुई' असंच दुहेरी आहे. गोव्यात 1961 पूर्वी पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या कुणालाही विचारा.

राहिला ओळखायचा प्रश्न. पुढे जायचं ठिकाण आलं तर 'जाणे', नाम-विशेषण किंवा वेळ आली तर 'असणे'. 'फुई'च्याच कुळातल्या, 'असतो तर / गेलो तर' अर्थाच्या 'फुएरा'लाही हेच लागू : 'सी फुएरा रिको', मी श्रीमंत असतो तर, 'सी फुएरा आ माद्रिद', माद्रिदला गेलो तर.