ताप उतरला, पण मलेरिया गेला का?

पावसाळा लागला की गडचिरोलीतून, मेळघाटातून आणि आता पुण्या-मुंबईतूनही प्रश्न येऊ लागतात. गावं वेगळी, घोटाळा एकच: ताप उतरला की रोग गेला, असं धरून चालायचं. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत. औषधाचा डोस मात्र कुणी इथून उतरवून घेऊ नये. तो रक्त तपासून, वय आणि वजन बघूनच ठरतो.

प्रश्न: आश्रमशाळेत शिक्षक आहे. एका मुलाला एक दिवस हुडहुडी भरून ताप येतो, दुसऱ्या दिवशी तोच मुलगा कबड्डी खेळतो. पालक म्हणतात, बरा झाला, राहू द्या. दोन दिवस वाट पाहू का?

नाही. आजच रक्त तपासून घ्या, तो खेळत असला तरी.

प्रश्न: पपईच्या पानांचा रस, कडुनिंब, उपाशीपोटी लसूण, यातलं मलेरियावर काय चालतं?

यातलं काहीही नाही.

प्रश्न: सिकलसेल असलेल्याला मलेरिया होत नाही म्हणतात. मग माझ्या भाच्याला तापात तपासणीची काय गरज?

हे अर्धवट ऐकलेलं ज्ञान फार घातक आहे. सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार. त्याचा 'वाहक' असलेल्याला, म्हणजे ज्याला दोष एकाच पालकाकडून आला आणि जो स्वतः आजारी नाही त्याला, फॅल्सीपेरम हा मलेरियाचा जास्त घातक प्रकार गंभीर होण्याची शक्यता कमी असते. होतच नाही, असं नाही. आणि भाचा वाहक नसून सिकलसेलचा 'रुग्ण' असेल, तर मलेरिया त्याच्या जिवावर बेतू शकतो. ताप आल्या दिवशीच त्याला डॉक्टरांकडे न्या, सिकलसेलचं कार्ड सोबत ठेवा.

प्रश्न: भामरागडकडचे माडिया लोक ताप आला की आधी पुजाऱ्याकडे जातात, कोंबडं कापतात आणि उशीर झाल्यावर दवाखान्यात येतात. ही अंधश्रद्धा मोडल्याशिवाय मलेरिया हटणार कसा?

हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि बहुतेक वेळा ज्यांनी पावसाळ्यात तो भाग पाहिलेला नाही त्यांच्याकडून. म्हणून जरा सविस्तर.

आधी मलेरियाचं वागणं समजून घ्या. व्हायव्हॅक्स या दुसऱ्या प्रकारच्या मलेरियाचे परजीवी तांबड्या पेशींत वाढतात आणि साधारण ४८ तासांनी पेशी फोडून एकदम बाहेर पडतात. त्या वेळी दात वाजतात, मग ताप चढतो, मग दरदरून घाम येतो आणि माणूस मोकळा होतो. आता हिशेब करा. सोमवारी रात्री ताप, त्याच रात्री पुजारी आला, मंगळवारी पोरगं उठून बसलं. बघणाऱ्याने काय समजावं? फॅल्सीपेरममध्ये ताप असा घड्याळाप्रमाणे येत नाही, पण तो मेंदूवर गेला की झटके येतात, माणूस बरळतो, घरच्यांना ओळखत नाही. अंगात काही शिरलं, असं घरच्यांना वाटलं तर त्यात मूर्खपणा काय? डोळ्यांना तसंच दिसतं.

दुसरं, पुजारी चार घरं सोडून राहतो. रात्री बोलावलं तर येतो, माडियात बोलतो, उजाडेपर्यंत उशाशी बसतो. दवाखाना नाल्यापलीकडे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचाच संपर्क तुटतो, तिथे आतल्या पाड्याचं काय सांगायचं? खाटेला दोर बांधून, ती खांद्यावर घेऊन रुग्ण आणावा लागतो. त्याला चार धडधाकट माणसं लागतात, आणि धानाच्या रोवणीत ती शेतावर असतात. एवढं करून पोचल्यावर 'इतके दिवस काय झोपला होतात?' हे पहिलं वाक्य ऐकायला मिळालं, तर पुढच्या वेळी तो माणूस येणार नाही. मीसुद्धा येणार नाही.

म्हणून माझा आग्रह 'पुजारी सोडा' असा नसतो. 'रक्त आधी' असा असतो. आशाताईकडे मलेरिया तपासायचं किट असतं. बोटाला सुई, रक्ताचा थेंब, पंधरा-वीस मिनिटांत पट्टीवर रेघ. तेवढं होऊ द्या, गोळी सुरू करा, मग कोंबडं कापायचं तर कापा. आमच्या भागातला एक म्हातारा पुजारी आता अंगारा लावण्याआधी विचारतो, 'टोचून घेतलं का?' त्याच्या एका प्रश्नाने जे होतं ते आमच्या दहा पोस्टरांनी होत नाही.

दोन गोष्टींना मात्र माझा ठाम विरोध आहे. एक, डागणं. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे डाग देतात, त्याला डंबा म्हणतात. वारंवारच्या मलेरियाने प्लीहा वाढूनही पोट फुगतं, आणि डागून प्लीहा कमी होत नाही. वर जखम चिघळते ती वेगळीच. दुसरं, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काढा, पाणी, काहीही ओतणं. ते श्वासनलिकेत जातं. झटके, गुंगी, सतत उलट्या, धाप, लालसर-काळी लघवी, यातलं एक जरी दिसलं तरी कुणाचीही वाट न पाहता १०८ ला फोन करा, गाडी येत नसेल तर खाट उचला. अशा वेळी आर्टिसुनेट या मलेरियाच्या औषधाचं इंजेक्शन लागतं आणि ते दवाखान्यातच.

प्रश्न: आठवडी बाजारात एक डॉक्टर बसतो. सलाईन आणि इंजेक्शन दिलं की तासाभरात बरं वाटतं. सरकारी गोळीपेक्षा हे बरं नाही का?

तासाभरात बरं वाटतं ते तापाच्या औषधाने आणि बऱ्याचदा स्टेरॉइडने. सलाईन म्हणजे मीठपाणी, फार तर साखरपाणी. परजीवी रक्तात तसेच राहतात, दोन दिवसांनी ताप परत येतो आणि तुम्ही पुन्हा पैसे द्यायला बाजारात. पुजारी निदान कोंबड्यावर भागवतो. हा माणूस बैल विकायला लावतो. पुजाऱ्याला अंधश्रद्ध म्हणणारे सुशिक्षित लोक या सुईवर तितकीच श्रद्धा ठेवतात, याची मला गंमत वाटते, आणि रागही येतो. रक्त न तपासता सुई टोचणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा, नोंदणी क्रमांक काय? दुसरा, रिपोर्ट कुठे आहे?

प्रश्न: मी आशा आहे. फॅल्सीपेरम निघालं, गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी ताप गेला म्हणून आई उरलेल्या गोळ्या फडक्यात बांधून ठेवते. काय करू?

ताई, पहिली गोळी तुम्ही समोर देता ना? तिन्ही दिवस तसंच करा. वयाप्रमाणे पाकिटाचा रंग वेगळा असतो, एक ते चार वर्षांच्याला पिवळं, मोठ्या माणसाला पांढरं. मोठ्याच्या पाकिटातून अर्धी मोडून धाकट्याला देणं हेही फडक्याइतकंच वाईट. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तो डोस पुन्हा द्यायचा. पुन्हा उलटी झाली तर आरोग्य केंद्रात पाठवा.

व्हायव्हॅक्सवरची प्रायमाक्विन ही गोळी १४ दिवसांची असते, आणि तिथे तर सगळेच गळतात. यकृतात दडलेले परजीवी काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतात ते याच गोळीने मरतात. ती गरोदर बाईला आणि वर्षाच्या आतल्या बाळाला द्यायची नाही. जी-६-पीडी या तांबड्या पेशींतल्या एन्झाइमची कमतरता असलेल्याच्या तांबड्या पेशी तिने फुटू शकतात. लघवी काळसर दिसली तर गोळी बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर.

प्रश्न: आमच्या गावात पाळीच्या दिवसांत बायका कुर्माघरात, म्हणजे घराबाहेरच्या वेगळ्या झोपडीत, झोपतात. घरात मच्छरदाण्या आहेत, तिथे नाही. सांगायला अवघड वाटतं.

बरं झालं विचारलंत, एरवी हे कुणी लिहीत नाही. कुर्माघर असावं की नसावं, हे गावच्या बायका ठरवतील, आणि त्यांनी ठरवावं. पण डास मध्यरात्री तिथेही चावतो. तिथली एक औषधभारित मच्छरदाणी तिथेच राहू दे, म्हणजे विटाळाचा वाद निघत नाही. फवारणीवाले आले की ती झोपडी सुटते, याची त्यांना आठवण करून द्या. धान राखायला शेतातल्या मांडवात झोपणाऱ्या पुरुषांचंही तेच. शेतावर कुणी गरोदर बाई झोपत असेल तर सिस्टरला आजच कळवा.

प्रश्न: मच्छरदाणी धुवायची कशी?

साध्या साबणाने, गार पाण्यात, सावलीत वाळवून. नाल्यात मासे धरायला नाही.

प्रश्न: मुलगा एटापल्लीत नोकरीला आहे. दिवाळीला पुण्यात आला, दहा दिवसांनी ताप. इथले डॉक्टर व्हायरल म्हणतात.

तुम्ही डॉक्टरांना एटापल्ली सांगितलं का? बहुतेक नसेल. डास चावल्यापासून आठवडा-दोन आठवड्यांनी फॅल्सीपेरम उठतो, म्हणजे बरोबर आता. आजच जा, 'गडचिरोलीहून आलोय' हे पहिलं वाक्य ठेवा, काचपट्टी, म्हणजे काचेवर रक्ताचा थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, करायला सांगा. निगेटिव्ह आली आणि ताप टिकला तर उद्या पुन्हा रक्त द्या.