प्वेब्लाला येताना वडिलांचा फोटो घेऊन या

ऑक्टोबरच्या मध्यात मेक्सिकोतल्या प्वेब्लाच्या मोटार कारखान्यात रुजू व्हायचंय, वडिलांना जाऊन अजून वर्षही झालं नाही, अशात तिथला 'मृतांचा दिवस' साजरा करावा की दार लावून घरात बसावं, असं तुम्ही विचारलंय. घरभाडं, शाळा यांवर नंतर सविस्तर लिहीन. आधी हेच, कारण आई गेल्यावर सातच महिन्यांनी मीही इथे आले होते.

दार लावून बसू नका.

१ नोव्हेंबर लहानपणी गेलेल्या मुलांचा, २ नोव्हेंबर मोठ्यांचा. घरोघरी ओफ्रेंदा मांडतात. पायऱ्यापायऱ्यांची मांडणी, त्यावर गेलेल्यांचे फोटो, मेणबत्त्या, नक्षीचे कातरलेले रंगीत कागद, कोपालचा धूप, मीठ, आणि लांबून येणारा तहानलेला असणार म्हणून पेलाभर पाणी. सगळीकडे झेंडू. आपल्या दसऱ्याच्या तोरणातलं हे फूल मूळचं इथलंच. दारापासून ओफ्रेंदापर्यंत त्याच्या पाकळ्यांची वाट घालतात, घरी येणाऱ्याला ती सापडावी म्हणून.

पहिल्या वर्षी शेजारच्या आजींनी मला बोलावलं आणि आईचा फोटो मागितला. मोबाइलमधलाच दाखवला. त्या दुकानात जाऊन प्रिंट काढून आल्या आणि आपल्या नवऱ्याच्या फोटोशेजारी ठेवला. मग विचारलं, "तिला काय आवडायचं?" मी म्हटलं, आल्याचा चहा. स्वयंपाकघरात जाऊन मी तो केला, त्यांनी कप फोटोपुढे ठेवला. पुढचा प्रश्न होता, "आणि ती कशाला हसायची?" तेराव्यापर्यंत घरात इतकी माणसं येऊन गेली, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगत गेले, सांगता सांगता रडले, त्याही रडल्या, आणि मग आम्ही दोघी हसलो. सण आनंदाचा म्हणून इथे कुणाला दुःख होत नाही असं समजू नका. आपण पान वाढून कावळ्याची वाट बघतो, कावळा शिवला नाही तर जीव कासावीस होतो. इथे माणूस आलाच आहे असं धरून त्याच्याशी बोलतात. मला त्याचा फार आधार वाटला.

जमलं तर १ तारखेला वाकेचूलाला जा, प्वेब्ला राज्यातलंच गाव आहे. त्या वर्षात ज्यांच्या घरी कुणी गेलं, ती घरं पांढऱ्या सॅटिनचे मजल्यामजल्यांचे उंच देव्हारे उभारतात आणि अनोळखी माणसांनाही आत घेतात. जाताना मेणबत्ती न्या. खायला देतील, नाही म्हणू नका. फोटो मात्र विचारून काढा.

शाकाहारी असाल तर दोन गोष्टी. तामालेसमध्ये, म्हणजे मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या उंड्यांमध्ये, बहुतेक वेळा डुकराची चरबी असते, 'सिन मांतेका' म्हणजे चरबीशिवाय मिळेल का ते विचारा. 'पान दे म्वेर्तो' या गोड पावात अंडं असतं. आणि २ तारखेला बँका बंद, पगाराच्या खात्याचं काम आधी उरका.

वडिलांचा फोटो छापून, फ्रेम करून हातातल्या बॅगेत ठेवा. निघण्याआधी एक दिवस आईजवळ बसा आणि बाबांना काय काय आवडायचं ते तिच्याकडून लिहून घ्या. इथे तुम्हाला ते नक्की विचारतील.