घराण्यात कुणालाच कॅन्सर नाही, मग धाकट्या बाळाची जीन-तपासणी कशाला?

तुमच्या साडेतीन वर्षांच्या मुलीला प्ल्युरोपल्मनरी ब्लास्टोमा हा फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन होऊन केमो सुरू आहे, आणि डॉक्टर आता तिच्या पाच महिन्यांच्या भावालाही तपासा म्हणताहेत. घरचे म्हणतात, आपल्यात कुणाला कॅन्सर नाही, तान्ह्याला सुया कशाला टोचायच्या? मी इंदूरला बालरोगतज्ज्ञ आहे. कळकळीने सांगते, तपासणी करा आणि लांबणीवर टाकू नका.

फुफ्फुसाची ही गाठ फार क्वचित होते, तीही बहुतेक सहा वर्षांच्या आतल्या मुलांना. दहातल्या साधारण सात जणांत डायसर-1 या जीनमध्ये जन्मजात दोष असतो; हा संबंध 2009 साली उघड झाला. दोष आईकडून किंवा वडिलांकडून येतो, कधी मुलातच नव्याने होतो. तो असलेल्या बहुतेकांना कॅन्सर होत नाही, पण त्याच दोषामुळे इतर अवयवांत साध्या गाठी होऊ शकतात. म्हणून नातेवाइकांना वेगळं विचारा: गळ्याची गाठ कुणाची काढली होती? लहानपणी किडनीत पाण्याच्या गाठी? एखाद्या मुलीच्या अंडाशयात गाठ? 'कुणाला काही नाही' म्हणणारी आजीच मग सांगते, 'थायरॉईडचं ऑपरेशन झालं होतं हो आत्याचं, पण ते कॅन्सरचं नव्हतं.' ते जरूर सांगा.

घाई एवढ्यासाठी की पहिल्या वर्षात ही गाठ म्हणजे नुसती पातळ भिंतीची, हवेने भरलेली पोकळी असते. बाळ हसतं, दूध पितं, स्टेथोस्कोपला काही कळत नाही. तेव्हा सापडली तर पाच वर्षांनंतर शंभरातली 91 मुलं हयात असतात. पुढे ती भरत जाऊन पूर्ण घट्ट झाल्यावर सापडली तर 53.

आधी मुलीचं रक्त द्या. नमुना इथेच घेऊन बाहेर पाठवता येतो. दोष सापडला तर नेमका तोच बाळात आणि तुम्हा दोघांत शोधतात. आई-वडिलांपैकी एकात असेल तर बाळात असण्याची शक्यता निम्मी. रिपोर्टची वाट न बघता बाळाचा छातीचा एक्स-रे मात्र आत्ताच काढा. दोष निघाला तर छातीचा पहिला सीटी स्कॅन तीन ते सहा महिन्यांच्या वयात करतात, म्हणजे तुमची वेळ हीच आहे. तो स्वच्छ आला तरी अडीच-तीन वर्षांचा झाला की पुन्हा एकदा. शिवाय किडनीची सोनोग्राफी. बाळात दोष नसेल तर यातलं काहीच नको.

आणि मुलीच्या आईला कुणी 'गरोदरपणात काय खाल्लंस' म्हणत असेल, तर तिथेच थांबवा. खाण्यापिण्याचा याच्याशी काही संबंध नाही.

तोवर बाळाला अचानक धाप लागली तर घरी शेक देत बसू नका, थेट कॅज्युअल्टीत न्या. अशी पोकळी फुटून छातीत हवा भरू शकते. तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात बहिणीचा आजार सांगा.